‘ठुमरीची राणी’ म्हणून आपण मोकळे झालो

तालवादक त्रिलोक गुर्टू यांचा ‘उस्फ्रेट’ हा अल्बम १९८८ साली आला. त्यात डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे, गिटारवाला राल्फ टाउनर आहे, एल. शंकरचं व्हायोलिन आहे, आणि या सगळ्या मंडळींत त्रेसष्ट वर्षांची, बेळगावात जन्मलेली एक बाई गाते आहे. एका तुकड्याला तर तिचंच नाव दिलंय, ‘शोभारॉक’. बाई म्हणजे त्रिलोक यांच्या आई, ठुमरीगायिका शोभा गुर्टू.

हा अल्बम ज्यांच्या संग्रहात असतो ते जॅझ आणि फ्यूजनवाले. ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ (१९७८) मधलं ‘सैंया रूठ गए’ गुणगुणणारे निराळे. होरी, कजरी, चैती ही ठुमरीच्या जातकुळीतली ऋतुगीतं ऐकायला मैफलीत पहिल्या रांगा धरून बसणारे निराळे, आणि मेहदी हसन यांच्यासोबतच्या ‘तर्ज़’ या गझलांच्या अल्बममुळे त्यांचं नाव ठाऊक असणारे आणखी निराळे. या मंडळींची आपापसांत गाठ पडत नाही. शोभाताई सगळ्यांना माहीत आहेत, पण प्रत्येकाला आपापल्या वाटणीपुरत्या.

त्यामुळे त्यांना ‘उपेक्षित’ म्हटलं की लगेच कुणीतरी यादी पुढे करतं. १९८७ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २००२ चं पद्मभूषण, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बिरजू महाराजांबरोबर झालेला कार्यक्रम. २००० साली ए. आर. रहमान यांनी ‘जन गण मन’ची चित्रफीत केली तेव्हा देशभरातून निवडलेल्या गायकांत भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांच्याबरोबर त्याही होत्या. आता आणखी काय हवं?

हवं ते असं की तो आवाज एकदा तरी सबंध ऐकला जावा. कलावंताची उपेक्षा पुरस्कार नाकारूनच होते असं नाही. भलत्याच कारणासाठी कौतुक करून, एक देखणा किताब चिकटवून त्याला बाजूला ठेवता येतं. शोभाताईंच्या बाबतीत ‘ठुमरीची राणी’ हा किताब नेमका तेवढ्यासाठी वापरला गेला असं माझं मत आहे. राणी म्हटलं की राज्याची हद्दही ठरून जाते, आणि त्या हद्दीबाहेर तिनं जे काही केलं त्याचा हिशेब ठेवायची जबाबदारी कुणावर राहत नाही.

त्यांची तालीम बघा. जन्म ८ फेब्रुवारी १९२५ चा, मूळ नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई नृत्य करायच्या आणि गायच्याही, आणि त्यांचं गाणं जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांकडचं. भानुमतीची तालीम सुरू झाली ती कोल्हापुरात, अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्यापाशी. पुढे याच जयपूर-अत्रौली घराण्याचे नत्थन खाँ. म्हणजे पाया पूर्ण ख्यालाचा, रागाच्या शिस्तशीर विस्ताराच्या गायकीचा, आणि ख्यालातही त्या घराण्याचा, जिथे आकार मोकळा आणि घुमारदार लागावा लागतो, आणि लयीचं बोट सोडून ताने-आलापांत भटकायची मुभाच नसते. भुर्जी खाँसाहेबांकडे मल्लिकार्जुन मन्सूरही शिकले. मन्सूरांचं नाव निघालं की पुढच्या वाक्यात जयपूर घराणं येतंच. शोभाताईंचं नाव निघालं की ते येत नाही. ठुमरी-दादऱ्याची तालीम त्यांना नंतर मिळाली, तीही काहीशी आडवळणाने: घम्मन खाँ मुंबईत शिरोडकरांच्या घरी येऊन राहिले ते मेनकाबाईंना शिकवण्यासाठी, आणि मुलगी त्यात शिकून गेली.

आता याच्या शेजारी दुसरी एक माय-लेकींची जोडी ठेवून पाहू. मोगूबाई कुर्डीकर याही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची कन्या किशोरी आमोणकर, शोभाताईंहून सहा-सात वर्षांनी लहान. दोघींच्या आया एकाच उस्तादांच्या तालमीतल्या, दोघी मुंबईत वावरलेल्या, दोघींनी घराण्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकलं. किशोरीताईंना पद्मभूषण १९८७ मध्ये मिळालं. शोभाताईंना ते मिळालं २००२ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, आणि त्याच वर्षी किशोरीताईंना पद्मविभूषण. पुढे अडीच-तीन वर्षांतच, २७ सप्टेंबर २००४ ला, शोभाताई गेल्या. किशोरीताईंचा अधिकार कमी लेखायचा नाही. तसं करणारा माणूस गाणं ऐकत नसावा. पण या दोन तारखांमधलं अंतर गुणवत्तेचं आहे असं मला वाटत नाही. किशोरीताईंनी भजनं गायली, ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी गायल्या, तरी मैफलीच्या केंद्रस्थानी ख्याल ठेवला. शोभाताईंनी केंद्रच हलवलं. ख्यालाची सगळी शिदोरी घेऊन त्या ठुमरीत राहायला गेल्या, आणि आपल्याकडे पत्ता बदलला की माणसाची प्रतिष्ठाही बदलते.

जयपूर घराण्याचा सगळा अभिमान जोडरागांवर (दोन राग सांधून केलेले) आणि अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांवर उभा आहे. बसंती केदार घ्या, सावनी नट घ्या, खट घ्या. खट म्हणजे तर अनेक रागांच्या छटा एका घरात नांदवायचं काम. दोन रागांची सांधेजोड दिसू न देता एकातून दुसऱ्यात जाणारा गवई विद्वान ठरतो, जाणकार माना डोलावतात. मग हीच विद्या वापरून एखादी बाई पिलूतून काफीत, काफीतून खमाजाच्या अंगाने फिरून परत आली, आणि त्यात शब्दाचा अर्थही सांभाळला, तर ते ‘हलकं’ कसं होतं? मिश्रण दोन्हीकडे आहेच. एकीकडे त्याला रागाचं नाव मिळालंय, दुसरीकडे नुसतं ‘मिश्र’ लिहून विषय संपवतात. ठुमरीत रागाचा कायदा सैल असतो हे खरं. पण सैल दोरीवर चालायला तोल जास्तच लागतो. राग सोडून जायचं आणि ऐकणाऱ्याला चुकल्यासारखं वाटायच्या आत परतायचं, हे रागाचा पक्का रियाज नसलेल्या गळ्याला जमत नाही. तो बाहेर पडतो आणि बाहेरच राहतो.

शोभाताईंचं वेगळेपण इथेच ऐकू येतं. बनारसी ठुमरीचा रूढ गळा नाजूक मानला जातो, बारीक मुरक्या, हळुवार लगाव. यांचा आवाज तसा नव्हताच. भरदार, थोडा खरखरीत, खालच्या पट्टीत ऐसपैस बसणारा. पुकार, म्हणजे सुरातली आर्त हाक, वर गेली तरी तिचं बूड जमिनीवर. ठुमरीचे शब्द मोजके असतात, एखादी ओळ फार तर दोन. ‘सैंया रूठ गए, मैं मनाती रही’ एवढंच. या एवढ्याशा ओळीचं बोल-बनाव करताना, म्हणजे तेच शब्द वेगवेगळ्या सुरांत आणि भावांत फुलवताना, कमी ताकदीचा गायक ‘मनाती’वर तीच ती लाडिक हरकत घेत राहतो. शोभाताईंच्या मैफलीत तोच शब्द कधी लाडीगोडीत यायचा, कधी वैतागात, आणि मग एकदा असा की आता या बाईला मनवण्याचाच कंटाळा आलाय. जयपूरची लयीवरची पकड इथे कामी येते: दीपचंदीच्या चौदा मात्रांत शब्द कुठे टाकायचा, कुठे मागे ओढायचा, समेवर यायच्या आधी किती ताणायचं. ऐकणाऱ्याला भाव ऐकू येतो, खालचं लयीचं गणित ऐकू येत नाही. शेवटी तबल्याची लग्गी, म्हणजे दुपटीतला चपळ ठेका, सुरू झाली की मात्र ते गणित उघडं पडतं, आणि त्या तिथे ज्या मजेत असायच्या ती मजा नुसत्या नजाकतीच्या गाणाऱ्याला परवडणारी नाही.

त्यात अभिनय. त्या बसून गायच्या, पण हात आणि डोळे गप्प नसायचे. नर्तकीच्या घरात वाढलेल्या मुलीने शब्द आधी अंगात घेतला आणि मग गळ्यात, असं वाटावं इतकं ते सहज होतं. आपल्या शुद्धतावादी श्रोत्याला नेमका हाच भाग खुपतो. गाताना चेहरा हलला की गाणं उथळ, असा एक विचित्र समज मैफलींत अजून आहे. (तोच श्रोता ख्यालगायकाचे हवेत गेलेले हात आणि वाकडं झालेलं तोंड मात्र ‘समाधी’ म्हणून माफ करतो.)

हे आकस येतात कुठून? एका पिढीतून आलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नाचगाण्याविरुद्ध ज्या मोहिमा झाल्या त्यांनी ठुमरी गाणाऱ्या स्त्रियांना आधी समाजाबाहेर ढकललं. मग संगीताला ‘सभ्य’ करण्याचा मोठा उद्योग झाला. त्याचे फायदे आपण आजही घेतो, कारण त्यामुळेच घरातल्या मुली गाणं शिकू लागल्या. पण त्या स्वच्छता मोहिमेत ठुमरीला कायमचं थोडं खालचं आसन मिळालं. स्वातंत्र्याच्या सुमारास ज्यांच्या खासगी आयुष्यावर बोट ठेवता येईल अशा गाणाऱ्यांना रेडिओची दारं बंद करण्याचा आदेश निघाला होता. त्याचा फटका कुणाला बसला हे वेगळं सांगायला नको. १९५२ पासून बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर श्रवणचाचण्या आणि श्रेणी ठरवण्याची पद्धत रुजली. शास्त्रीयची रांग वेगळी, सुगमची वेगळी, लोकसंगीताची वेगळी. चित्रपटगीतांना तर केसकरांनी जवळजवळ हद्दपारच केलं. लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

नोकरशाहीला रकाने लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की कार्यक्रमाच्या सोयीसाठी आखलेले रकाने आपण अभिरुचीत उतरवले. रेडिओ मागे पडला, रकाने राहिले. आज गाणी वाजवणाऱ्या ॲपवर शोभाताईंचं नाव टाकून पाहा. फ्यूजनचे तुकडे त्रिलोक यांच्या नावाखाली, चित्रपटगीतं चित्रपटाच्या नावाखाली, ठुमऱ्या ‘संध्याकाळचे सूर’ छापाच्या संकलनात कुठेतरी. पन्नास वर्षं एकाच गळ्याने केलेलं काम चार ठिकाणी विखुरलेलं आहे. ते एकत्र ऐकायचं तर शोधणारा चिवट हवा.

महाराष्ट्राचा दांभिकपणा तर यात जास्तच आहे. मराठी कानाला ठुमरी परकी नाही. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या त्या उत्तरेकडच्या ठुमरी-दादरा-कजरीच्या ढंगातून उचलून. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींबरोबर तोही ढंग दिला. बालगंधर्वांच्या गळ्यातून तो घरोघरी गेला, लग्नकार्यात वाजला, आजोबांनी आंघोळ करताना म्हटला. रडणारी, रुसणारी, मनवणारी नायिका आपण शंभर वर्षं डोक्यावर घेतली, अट एवढीच की तिचं नाव नाट्यपद असावं आणि भाषा मराठी. तीच नायिका अवधी-भोजपुरी-ब्रजच्या मिश्र बोलीत, एका बाईच्याच तोंडून, तबल्याच्या लग्गीसकट आली की आपण तिला ‘उत्तरेकडचा प्रकार’ म्हणतो. बैठकीच्या लावणीचंही असंच झालं. बसून, भावाचे हजार कंगोरे दाखवत गायची ती लावणी ठुमरीची सख्खी बहीण शोभेल, पण ती गाणाऱ्या बायकांची नावं शाळेच्या पुस्तकात कधी आली नाहीत.

शोभाताईंची आणखी एक पंचाईत होती. ठुमरीच्या नकाशात त्यांना गाव नव्हतं. गिरिजादेवींना बनारस होतं. पूरब अंग, म्हणजे ठुमरीची पूर्वेकडची शैली, म्हटलं की बनारस, बनारस म्हटलं की गिरिजादेवी, असा सरळ हिशेब होता, आणि त्यांचा अधिकार इतका निर्विवाद होता की १९८९ मध्ये पद्मभूषण आणि २०१६ मध्ये पद्मविभूषण असे मान मिळत गेले. शोभाताई बेळगावच्या, तालीम कोल्हापूरची, संसार मुंबईत, सासर काश्मिरी गुर्टूंचं, दैवतं म्हणाल तर बेगम अख्तर आणि बडे गुलाम अली खाँ. म्हणजे लखनौ-फैजाबादची गझल आणि पतियाळ्याची लचक दोन्ही त्यांच्यात उतरली, वर जयपूरचा आकार. उत्तरेला त्या दक्षिणेकडून आलेल्या, महाराष्ट्राला त्या उत्तरेचं गाणाऱ्या. कर्नाटकाने धारवाड-हुबळीच्या गायकांवर जितका हक्क सांगितला तितका बेळगावच्या या मुलीवर सांगितल्याचं दिसत नाही. सीमाप्रश्नावर आपण दोन्ही बाजूंनी इतकं बोललो, पण तिथे वाढलेल्या या आवाजासाठी कुणी भांडलं नाही, हा त्यातला विनोद.

चित्रपटांनी त्यांना प्रसिद्धी दिली आणि एक चौकटही दिली. ‘पाकीज़ा’साठी (१९७२) ‘बंधन बांधो’. ‘फागुन’ (१९७३) मध्ये सचिनदेव बर्मन यांच्याकडे ‘बेदर्दी बन गए’. मग लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडचं ‘सैंया रूठ गए’, ज्यासाठी फिल्मफेअरचं नामांकनही मिळालं. ‘पाकीज़ा’ आणि ‘मैं तुलसी’ दोन्ही तवायफांच्या कथा. पडद्यावर कोठा दिसला की पार्श्वगायनाला हा आवाज, असं समीकरण. आई म्हणून, कामकरी बाई म्हणून, नुसतीच एकटी खिडकीत उभी असलेली मध्यमवयीन बाई म्हणून हा आवाज कुणाला सुचला नाही. त्या काळच्या हिंदी चित्रपटात नायिकेचा गळा कोवळा आणि पातळ असायचा, वयानुसार जाडसर झालेल्या गळ्याला कोठा सोडून जागा नव्हती. संगीतकारांची निवड अचूक होती, कल्पनाशक्ती तोकडी होती.

आता पुरुषांकडे बघू, कारण तिथे मापं एकदम बदलतात. कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकगीतं गोळा केली, लोकधुनांतून नवे राग बांधले, निर्गुणी भजनं मैफलीत आणली. त्याला आपण प्रतिभा म्हणतो, आणि ती आहेच. वसंतराव देशपांडे नागपूर, लाहोर, पुणे, मुंबई असं जिथे मिळेल तिथे शिकले, कुठल्याही एका घराण्याचे होऊन राहिले नाहीत. सरकारी हिशेबखात्यातली नोकरी करता करता गायले, आणि १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ने त्यांना लोकांपुढे खाँसाहेब म्हणून उभं केलं. त्यांच्या बेघरपणाचं आपण बंड केलं, कौतुकाने किस्से सांगितले. शोभाताईंनीही बरंच काही एकत्र केलं, तेही साठी उलटल्यावर परदेशी जॅझवाल्यांबरोबर. त्यांच्या वाट्याला शब्द आले ते ‘नजाकत’, ‘लडिवाळ’, ‘अदा’. मिसळण्यामागे विचार असतो हे पुरुषाच्या बाबतीत आपण आधी गृहीत धरतो, बाईच्या बाबतीत तो स्वभाव समजतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कुमारांनी आणि वसंतरावांनी आपल्या कामावर भरपूर बोलून ठेवलं, त्यांच्याभोवती लिहिणारे मित्र होते. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा माणूस बाजूला असेल तर गाण्याचं चरित्र आपोआप तयार होतं. शोभाताईंच्या बाजूला असं लिहिणारं कुणी नव्हतं. पण मग प्रश्न उलटा आपल्यावरच येतो. मराठीत संगीतावर जितकं लिहिलं गेलं तितकं फार थोड्या भारतीय भाषांत असेल. घराण्यांची चर्चा, आठवणी, गुरुचरित्रं, मैफलींची वर्णनं, कपाटंच्या कपाटं. या सगळ्यात ठुमरीसाठी किती पानं? आणि त्या पानांत गाण्याची चिकित्सा किती, नि साडी, नथ, मोगरा, तंबाखूचं पान यांचं वर्णन किती?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. त्यांनी स्वतःच ठुमरीचा रस्ता निवडला, ख्यालाच्या मैफली करायच्या होत्या तर कुणी अडवलं होतं? हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच ‘त्यांना ख्यालगायिका म्हणून ओळखा’ अशी मागणी मी करणार नाही. तसं करणं म्हणजे ठुमरीला पुन्हा खालीच ठेवणं. त्यांनी उलट एक धाडस केलं. ख्यालाच्या मैफलीत शेवटच्या दहा मिनिटांत, लोक चपला शोधायला लागलेले असताना जो प्रकार गायचा, त्यावर त्यांनी अख्खी संध्याकाळ उभी केली. ठुमरी, दादरा, होरी, कजरी, झूला, गझल, एवढ्यावर दोन-अडीच तास श्रोता धरून ठेवायचा, तोही तोच तोपणा न येऊ देता, हे बड्या ख्यालाच्या आधाराशिवाय करणं अधिक कठीण आहे. बड्या ख्यालात आराखडा तुम्हाला पुढे नेतो. इथे दर पंधरा मिनिटांनी नवं घर बांधायचं असतं.

फ्यूजनबद्दल माझं मत तितकं उदार नाही. त्या नावाखाली निघालेलं बरंचसं संगीत म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या अनोळखी लोकांची सभ्य बातचीत असते. शोभाताई ‘उस्फ्रेट’वर आणि नंतर ‘क्रेझी सेंट्स’वर (१९९३, त्यात जो झाविनुल आणि पॅट मेथेनी आहेत) वेगळ्या ऐकू येतात याचं कारण त्या काहीच बदलत नाहीत. पाश्चात्त्य साजाला शोभेल असा पातळ, तरंगता आवाज काढत नाहीत, आपली पुकार आपल्या जागीच ठेवतात, नि बाकीच्यांना तिच्याभोवती यावं लागतं. मिसळणं म्हणजे स्वतःला विरघळवणं नव्हे, हे ज्यांना पटत नाही त्यांनी हे तुकडे जरूर ऐकावेत. सगळेच फसलेले नाहीत, सगळेच जमलेलेही नाहीत. मुलाच्या तालवाद्यांच्या गर्दीत आईचा आवाज एक-दोन ठिकाणी नुसता रंग म्हणून वापरला गेलाय असं मला वाटतं. तरी ज्या वयात आपले कलावंत सत्कार घेण्यापुरते व्यासपीठावर येतात त्या वयात त्या एका अनोळखी लयीशी झोंबत होत्या, हे मला कुठल्याही मानपत्राहून मोठं वाटतं.

मग करायचं काय? पुतळे आणि रस्त्यांना नावं ही आपली आवडती उत्तरं. ती बाजूला ठेवू. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. शताब्दीचा खरा उपयोग ध्वनिमुद्रणांसाठी व्हायला हवा. आकाशवाणी, दूरदर्शन आणि संगीत सभांकडे या पिढीच्या कलावंतांचं जे काही मुद्रण असेल ते पाच-पाच मिनिटांचे लचके न तोडता, सबंध मैफल म्हणून, साथीदारांच्या नावांसह लोकांसमोर यावं. ठुमरी तुकड्यात कळत नाही. तिसऱ्या दादऱ्यानंतर गायिकेला काय सुचलं हे पहिल्या दोन दादऱ्यांशिवाय समजायचं कसं?

संगीत शिकवणाऱ्या संस्थांनी ठुमरीला पुढच्या परीक्षांमधला ‘एखादा प्रकार’ म्हणून उरकणं थांबवावं. बोल-बनाव ही शिकवण्यासारखी, तपासण्यासारखी, चुका काढण्यासारखी विद्या आहे, आणि ती केवळ गळ्याच्या देणगीवर सोडून दिल्यामुळेच आज होतकरू मुली एखाद-दुसरी पाठ केलेली ठुमरी हुबेहूब म्हणून दाखवतात आणि पुढे अडतात. पाठ केलेली ठुमरी म्हणजे ठुमरीच नव्हे. महोत्सवांच्या आयोजकांनी वर्षातून एक तरी सत्र असं ठेवावं की ज्यात कलावंताला आधी राग गाऊन पात्रता सिद्ध करावी लागणार नाही. आणि पुरस्कार समित्यांनी अर्जातला प्रकाराचा रकाना रिकामा सोडायला परवानगी द्यावी. ही शेवटची सूचना मी अर्धी थट्टेत करतो आहे, अर्धी नाही.

ऐकणाऱ्यांसाठी मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही. एखाद्या मोकळ्या दुपारी शोभाताईंची एक लांब ठुमरी लावावी, ती संपल्यावर लगेच मन्सूरांचा एखादा जोडराग, त्यानंतर ‘सैंया रूठ गए’, आणि मग ‘क्रेझी सेंट्स’. या क्रमाने ऐकलं की भुर्जी खाँसाहेबांची तालीम त्या चित्रपटगीतात कुठे बसली आहे ते कानालाच सापडतं. नाही सापडलं तर ठुमरी पुन्हा लावावी.